‘पातळ काढा’, वन-डी आणि डब्ल्यू : एका प्रतिक्रियेला उत्तर

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांच्या (दोन वर्षांची सरकारी कॉलेजं, जिथून पुढे विद्यापीठात जाता येतं) गणितावर लिहिलेल्या लेखाला तुम्ही सविस्तर आणि जरा तिखट प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी सांगतो, तुमचे आक्षेप तीन आहेत. पहिला, तिथलं कॅल्क्युलस म्हणजे ‘इंजिनिअरिंगच्या एम-वनचा (पहिल्या वर्षाच्या गणिताचा) पातळ काढा’. दुसरा, पायाचे अल्जेब्राचे कोर्स बंद करून कच्च्या मुलांना खोल पाण्यात ढकललं जातंय आणि मी त्याचं समर्थन करतो. तिसरा, एपी कॅल्क्युलस बीसीत (शाळेतच देता येणारी कॉलेजच्या दर्जाची परीक्षा) 5 पैकी 5 मिळवलेल्या तुमच्या पुतण्याने माझा लेख वाचून क्वार्टर पद्धतीच्या (साधारण बारा आठवड्यांच्या सत्रांच्या) कॉलेजात थेट मल्टिव्हेरिएबल (एकाहून जास्त चलांचं कॅल्क्युलस) घेतलं आणि त्याच्या ट्रान्स्क्रिप्टवर (गुणपत्रकावर) डब्ल्यू, म्हणजे कोर्स मधेच सोडल्याची नोंद, लागला.

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथे चूक माझी आहे. ‘बीसीत 5 असेल तर पुढे मल्टिव्हेरिएबल’ हे वाक्य सेमिस्टरवाल्या कॉलेजांना लागू पडतं, क्वार्टरवाल्यांना नाही. सेमिस्टरला कॅल्क्युलसचे तीन भाग असतात आणि तिसरा भाग व्हेक्टरपासून सुरू होतो. क्वार्टरला त्याच मजकुराचे चार तुकडे होतात. डी अँझा या क्वार्टरवाल्या कॉलेजाची विभागणी बघा : वन-ए मध्ये लिमिट आणि डेरिव्हेटिव्ह, वन-बी मध्ये इंटिग्रेशन, वन-सी मध्ये अनंत श्रेणी आणि त्रिमितीतले व्हेक्टर, वन-डी मध्ये पार्शल डेरिव्हेटिव्ह, मल्टिपल इंटिग्रल आणि व्हेक्टर कॅल्क्युलस. बीसी केलेलं पोरगं वन-सीच्या यादीत श्रेणी बघतं, ‘हे झालंय’ म्हणतं आणि वन-डीत उडी मारतं. पण बीसीत व्हेक्टर येतात ते कागदाच्या पातळीतले. डॉट प्रॉडक्ट, क्रॉस प्रॉडक्ट, प्रतलाचं समीकरण त्यात नाही. आपल्याकडे बारावीला व्हेक्टर, रेषा आणि प्रतल घासून झालेलं असतं, त्यामुळे आईवडिलांना वाटतं एपीतही ते असणारच.

आता हे कधी उघडं पडतं ते बघा. सुरुवातीचे पार्शल डेरिव्हेटिव्ह अगदी सोपे जातात, एका व्हेरिएबलला स्थिरांक धरायचं, झालं. मग टँजंट प्लेन आलं की नॉर्मल (प्रतलाला लंब व्हेक्टर) लागतो, डिरेक्शनल डेरिव्हेटिव्हला डॉट प्रॉडक्ट लागतो आणि शेवटी सरफेस इंटिग्रलमध्ये क्रॉस प्रॉडक्टशिवाय पान हलत नाही. बारा आठवड्यांच्या क्वार्टरमध्ये डब्ल्यूशिवाय ड्रॉप करण्याची मुदत साधारण दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी संपते आणि पहिली मिडटर्म बहुतेक वेळा त्यानंतर असते. म्हणजे मुलाला आपलं काही खरं नाही हे कळेपर्यंत दार बंद झालेलं असतं.

म्हणून नाव नोंदवण्याआधी एक गणित घालून बघा. (1,0,0), (0,2,0), (0,0,3) या तीन बिंदूंतून जाणाऱ्या प्रतलाचं समीकरण क्रॉस प्रॉडक्टने काढायला सांगा. बाजूंचे व्हेक्टर (−1,2,0) आणि (−1,0,3), त्यांचा क्रॉस प्रॉडक्ट (6,3,2), म्हणून 6x + 3y + 2z = 6. इंटरसेप्टच्या सूत्राने उत्तर पटकन येतं, पण ते फक्त ताळ्यासाठी वापरायचं. दहा मिनिटांत जमलं तर वन-डी घ्यायला हरकत नाही. नाही जमलं तर वन-सी घ्या. निम्मा भाग ओळखीचा निघेल, त्यात काही बिघडत नाही. पाच क्वार्टर युनिटचे, दर युनिट 31 डॉलरने, राज्यातल्या रहिवाशाला 155 डॉलर पडतात. शाळेत असतानाच घेणाऱ्यांना बहुतेक ठिकाणी ही फी माफ असते.

आणि डब्ल्यू म्हणजे केटी नव्हे. केटी सुटली की आपण ती विसरतो. इथे डब्ल्यूही एक प्रयत्न म्हणून मोजला जातो, एका कोर्सला साधारणपणे तीनच प्रयत्न मिळतात आणि यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) अर्जात कॉलेजचा प्रत्येक कोर्स दाखवावा लागतो, शाळेत असताना घेतलेलाही. एका डब्ल्यूने आभाळ कोसळत नाही, पुतण्याला एवढं जरूर सांगा.

‘पातळ काढा’ मात्र मान्य नाही. शिकवणाऱ्याची किमान अर्हता गणितातली किंवा जवळच्या विषयातली मास्टर्स पदवी असते आणि कोर्सची अधिकृत रूपरेषा तपासूनच यूसी तो स्वीकारते. फरक पडतो तो सिद्धतांत : एप्सिलॉन-डेल्टा (लिमिटची काटेकोर व्याख्या) बऱ्याच वर्गांत हात लावून सोडून देतात आणि गृहपाठ ऑनलाइन असेल तर मशीन फक्त अंतिम उत्तर तपासतं, पायऱ्या कोणी बघत नाही. गणितातच मेजर (पदवीचा मुख्य विषय) करायचं असेल तर ही उणीव पुढे जाणवते, इंजिनिअरिंगला फारशी नाही.

अल्जेब्राच्या मुद्द्यावर तुमची काळजी खरी आहे, पण उपाय पटत नाही. 2017 च्या एबी 705 या कॅलिफोर्नियाच्या कायद्यापूर्वी कच्च्या मुलाला कॉलेजच्या गणिताच्या दोन-तीन पायऱ्या खाली, पायाच्या अल्जेब्राच्या कोर्सात बसवत. समजा प्रत्येक पायरीवर 70 टक्के पास झाले, तरी तीन पायऱ्यांनंतर शंभरातले उरतात 34, आणि पास होऊनही पुढचा कोर्स न घेणारे वेगळेच. आता कुठे बसवायचं ते शाळेच्या जीपीएवरून (गुणांच्या सरासरीवरून) ठरतं. स्टॅटिस्टिक्ससाठी 3.0 किंवा त्याहून जास्त असेल तर थेट, 2.3 ते 2.9 असेल तर जोडीला सपोर्ट क्लास (मुख्य कोर्सबरोबरचा मदतीचा तास) घ्यावा, त्याखाली तर घ्यावाच अशी शिफारस.

कॅल्क्युलसच्या वाटेवर मात्र मीही साशंक आहे. त्याच धर्तीच्या 2022 च्या एबी 1705 कायद्यानंतर तिथेही शक्यतो थेट कॅल्क्युलसमध्येच बसवण्याकडे कल आहे. पण मुलं कॅल्क्युलसमध्ये नापास होतात ती डेरिव्हेटिव्हमुळे नाही. 1/x चा डेरिव्हेटिव्ह व्याख्येवरून काढताना 1/(x+h) चे 1/x + 1/h असे तुकडे करतात. मग 1/x जातो, h ने भागलं की 1/h² उरतो आणि लिमिट अनंताकडे पळते. नीट छेद समान केला तर −1/(x(x+h)) येतं आणि उत्तर −1/x². हा आठवीतला अपूर्णांक आहे. सपोर्ट क्लासमध्ये त्याच आठवड्यात हे अपूर्णांक घोटून घेतले तर उपयोग होतो. तिथे नुसता आदल्या दिवसाचा गृहपाठ पुन्हा सोडवून दाखवला तर त्या तासांचा काही फायदा नाही. म्हणून वर्ग निवडताना सपोर्टचा सिलॅबस वेगळा मागून घ्या.

राहता राहिलं क्रेडिट, म्हणजे इथला कोर्स पुढच्या विद्यापीठात धरला जाणं. कुठला कोर्स कुठे चालतो ते दाखवणाऱ्या असिस्ट डॉट ऑर्ग या साइटवर वर्ष, आपलं कॉलेज, पुढचं विद्यापीठ आणि मेजर निवडून बघा. दोन कोर्सांमध्ये ‘अँड’ असेल तर ते दोन्ही एकाच कॉलेजात पूर्ण करा. वन-ए क्वार्टरला आणि पुढचा भाग सेमिस्टरला घेतला की मधला एखादा विषय गळतो आणि जोडी तुटते. खासगी आणि राज्याबाहेरची विद्यापीठं असिस्टवर नसतात. त्यांच्यासाठी त्या टर्मचा सिलॅबस पीडीएफ करून ठेवा, कारण दोन वर्षांनी तो मागितला जातो तेव्हा कॉलेजच्या साइटवरून गेलेला असतो.

मूळ लेखातलं ‘बीसीत 5’ चं ते वाक्य आज दुरुस्त करतो आहे.