टॉवेलमधला शिकारी

तोंडाला साबण फासला आणि नळ फुस्स झाला. टाकी रिकामी. मोटरचं बटण परसात, मागच्या दारापासून चार पावलांवर. बायको भाजीला गेलेली. तेव्हा टॉवेल गुंडाळून, एक डोळा मिटून मी बाहेर आलो. सांगलीत, एप्रिल महिन्यात, स्वतःच्या परसात टॉवेलवर यायला कुणाची परवानगी लागत नाही, अशी काल सकाळपर्यंत माझी समजूत होती.

"हलू नका!"

शेजारचे अण्णा. कुंपणाच्या भिंतीपलीकडे स्टुलावर उभे, गळ्यात दुर्बीण, हातात लांबट वही.

"अण्णा, मोटर…"

"शूऽऽ! मादी जास्वंदीवर येऊन बसलीय. तुम्ही हललात तर घरट्यात जायची नाही."

हे घरटं म्हणजे आमच्या कपडे वाळत घालायच्या तारेच्या टोकाला लोंबणारी एक थैली. जांभळ्या शिंजिराचं, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या इवल्याशा पक्ष्याचं. गवताच्या काड्या कोळिष्टकांनी बांधलेल्या, वरून सालपटं, सुरवंटाची लेंडकं आणि कसल्याशा बिलाचा गुलाबी कपटा चिकटवलेला. बाजूला दार, दारावर इवलीशी पडवी. आत दोन अंडी. लांबून पाहिलं तर केरसुणीतून निघालेला बोळा वाटावा. या बोळ्यापायी तीन आठवडे आमचे कपडे हॉलमध्ये वाळताहेत. परवा भाच्यासाठी मुलीकडचे लोक आले, ते माझ्या बनियनखाली बसून पोहे खाऊन गेले. अजून निरोप नाही.

"अण्णा, साबण डोळ्यात जातोय."

"जाऊ दे. पाण्याने निघतो."

"पाणीच नाहीये. म्हणून तर मोटर…"

"अंड्यांची ऊब एकदा गेली की मोटर लावून परत येते का?"

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. तिथे पस्तीस वर्षं कोण कधी आलं-गेलं याच्या नोंदी ठेवल्या, तो हात रिकामा कसा बसेल? वहीत त्यांनी चक्क मस्टर आखलंय. मादी: आगमन, प्रस्थान, शेरा. नर: आगमन, प्रस्थान, शेरा. नराचा रकाना सलग गैरहजर. शिंजिराचा नर घरटं बांधत नाही, अंडी उबवत नाही; निळा-जांभळा झळझळीत अंगरखा घालून वायरीवर बसतो आणि गातो. पिल्लं बाहेर आली की मग भरवायला थोडाफार हातभार लावतो. अण्णांनी शेऱ्यात लिहिलंय, 'कामाच्या वेळेत गायन'. हे मस्टर त्यांनी आमच्या हिला वाचायला दिलं होतं. तिने वाचलं, आणि नंतर बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मी अंघोळ करताना गातो.

"मी नुसतं बटण दाबतो अण्णा. एक पाऊल."

"कायदा माहिती आहे का? 1972 चा, वन्यजीव संरक्षण. पक्ष्याच्या घरट्याला, अंड्यांना त्रास देणं हीसुद्धा शिकारच. व्याख्येतच आहे तसं."

म्हणजे मी शिकारी. पायात रबरी चप्पल, हातात टॉवेलची गाठ. आणि समोर जेमतेम आठ-दहा ग्रॅमचं जनावर.

पक्षीतज्ज्ञ लेखक मारुती चितमपल्लींनी कावळ्यांच्या वसाहतीला काकागार, बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार असे देखणे शब्द दिले. ज्या घरात पक्षी सुखाने नांदतो आणि मालकाला अंघोळ पुरी करता येत नाही, त्याला काय म्हणायचं, हे त्यांना विचारायचं राहून गेलं.

साबण वाळून चेहरा पापडासारखा ताणायला लागला. आणि त्या ताणलेल्या चेहऱ्याने उघड्या डोळ्यासमोरचं, म्हणजे अण्णांचं अंगण, पाहत होतो. भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंटचे ठोकळे. गेल्या वर्षापर्यंत तिथे जांभूळ होतं आणि चांगली डोक्याएवढी जास्वंदही. जांभळं पडून फरशीला डाग पडतात, पानं रोज कोण झाडणार, म्हणून अण्णांनीच माणसं लावून सगळं काढलं. मी 'जांभूळ तरी ठेवा' म्हणालो, तर मला म्हणाले, "तुम्हाला झाडायला येता येईल का?" त्याच अण्णांना आता माझ्या तारेवरच्या दोन अंड्यांचा कळवळा. पक्षी जगले पाहिजेत, पण शेजाऱ्याकडे. पालापाचोळा माझा, वाळत न घातलेले कपडे माझे, दुर्बीण त्यांची. परवा स्टूलसुद्धा आमच्याकडूनच नेलं. हे सगळं तोंडावर आलं होतं. पण तोंड साबणाने चिकटलेलं.

तेवढ्यात ती गेली. जास्वंदीवरून तारेवर, तारेवरून पडवीखाली, आत. दारातून नुसती वाकडी चोच बाहेर राहिली. खरं सांगायचं तर छान दिसत होती. पण हे मी अण्णांना सांगणार नाही.

"गेली! लावा आता मोटर. सावकाश."

मी बटण दाबलं. मोटर नेहमीसारखी खाकरली. ती चोच तसूभरही हलली नाही. मोटरला ती सरावलेली होती. रोज सकाळी लावतोच की मी.

"अण्णा, ती मोटरला घाबरत नाही."

"मोटरला नाही हो," अण्णा लिहिता लिहिता म्हणाले, "तुम्हाला."

मग भिंतीवरून वही पुढे केली. '8.40 ते 9.02. घरमालकाचा व्यत्यय.' त्याखाली सहीपुरती रेघ आखलेली. पेनही दिलं. एका हाताने टॉवेल धरून मी सही केली. तर म्हणतात, "तारीख राहिली."