ताग घातला म्हणून प्लास्टिक कुजत नसतं

तो मेसेज परत फिरायला लागलाय. "प्लास्टिकमध्ये तागाचा धागा मिसळा, ते १०० टक्के नैसर्गिक होतं, ९० दिवसांत मातीत विरघळतं, स्टीलपेक्षा मजबूत असतं, पण कंपन्या मुद्दाम वापरत नाहीत." आत्तापर्यंत चार जणांनी पाठवला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिलं म्हणजे "धागा मिसळला की नैसर्गिक". अहो, धागा नुसता आधाराला असतो, कुजायचं की नाही हे त्याच्या भोवतीचं रेझिन, म्हणजे धाग्यांना धरून ठेवणारं प्लास्टिक, ठरवतं. पॉलिप्रॉपिलीन या न कुजणाऱ्या प्लास्टिकमध्ये ३० टक्के ताग घातला तर उरलेलं ७० टक्के पॉलिप्रॉपिलीन जसंच्या तसं राहणार, वर कडेचा धागा कुजून प्लास्टिकचा चुरा सुटला तर तो गोळा कोण करणार? आणि झाडापासून बनलं म्हणजे कुजतंच असंही नाही हां, उसापासून पॉलिथिन बनतं आणि ते नेहमीच्या पॉलिथिनइतकंच टिकतं, उलट पीबीएटी नावाचं प्लास्टिक खनिज तेलापासून बनतं तरी कुजतं. कशापासून बनलं आणि शेवटी काय होणार, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि सगळा घोळ इथेच होतो.

आता ते ९० दिवस. हा आकडा बहुतेक ईएन १३४३२ या युरोपियन मानकातून सुटून आलाय. त्यात १२ आठवड्यांनंतर माल चाळतात, २ मिलीमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांपेक्षा जास्त राहता कामा नये. पण तो नुसता तुकडे पडल्याचा हिशोब झाला, जंतूंनी खाऊन ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड करायला ६ महिन्यांपर्यंत मुदत असते. आणि हे सगळं कारखान्यातल्या गरम कंपोस्टमध्ये, साधारण ५८ अंशाला! पीएलएची, म्हणजे मका-उसासारख्या पिकांपासून बनणाऱ्या प्लास्टिकची, रेणूंची लांब साखळी आधी पाण्याने तुटावी लागते, मग जंतू हात लावतात, आणि ते तुटणं ६० अंशाच्या आसपास वेग घेतं. गार मातीत पुरलेला पीएलए वर्षानुवर्षं तसाच पडून राहू शकतो. धागे ओल आत ओढतात त्यामुळे थोडी मदत होते हे खरं, पण मग तीच ओल वस्तू वापरात असतानाही आत शिरते आणि ती फुगते. मातीत खरंच लवकर जाणारं हवं असेल तर पीएचए हे प्लास्टिक बघा, ते मुळात जंतूच बनवतात.

स्टीलचं थोडक्यात. जवसाच्या धाग्याची ताठरता ५० ते ७० गिगापास्कल (ताठरता मोजायचं एकक), स्टीलची २००. वजनाला भागलं तर जवस पुढे जातो, पण एकटा धागा, बरं का! आखूड धागे पीएलएमध्ये घालून मोल्डिंग केलं की ३-४ गिगापास्कलचे दुप्पट झाले तरी आपण खूश.

"नुसतं मिसळा" म्हणणाऱ्याने तर एक्स्ट्रूडर, म्हणजे प्लास्टिक वितळवून धाग्यात मिसळणारं यंत्र, बघितलेलंच नसणार. धाग्याला पाणी आवडतं, रेझिनला नाही, त्यामुळे दोघं एकमेकांना धरत नाहीत, म्हणून आधी धागा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवायचा, धुवायचा, वाळवायचा. वाळलेला दिसला तरी त्यात ८-१० टक्के पाणी असतं आणि वितळलेल्या पीएलएची ते वाट लावतं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा धागा नीट वाळवला नव्हता, पट्ट्या बाहेर आल्या त्या बिस्किटासारख्या कटाकट तुटत होत्या. परत २०० अंशाच्या वर गेलात की धागा तपकिरी पडून जळका वास सुटतो, म्हणजे जास्त तापमानाला वितळणारी प्लास्टिकं आधीच बाद.

आणि कंपन्या वापरत नाहीत म्हणे! गाड्यांच्या दाराच्या आतल्या पॅनलमध्ये १९९० च्या दशकापासून जवस, ताग, अंबाडी वापरतायत, कारण काचेच्या धाग्याची घनता २.५ आणि यांची १.५ च्या आसपास, वजन वाचतं. फक्त तिथे रेझिन बऱ्याचदा पॉलिप्रॉपिलीन असतं, कारण गाडीचं दार कुजलेलं कोणालाच नकोय.