गव्हाच्या बिअरमध्ये सूर (माडाची ताडी) टाकली की विष होतं? खुलासा

म्हापसा-पेडण्याकडच्या ग्रूपवर तीन दिवस एक मेसेज फिरतोय, की घरच्या गव्हाच्या बिअरला नेहमीच्या यीस्टसोबत माडाच्या सुरीतलं जंगली यीस्ट लावलं तर मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, होतं आणि डोळे जातात. हे चूक आहे. मिथेनॉल मुख्यतः फळांतल्या पेक्टिनपासून (जॅम घट्ट करतं ते) होतं, गहू-बार्लीच्या माल्टमध्ये, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यात, पेक्टिन फारच कमी, यीस्ट जंगली असो वा पाकिटातलं. माणसं मरतात ती भेसळीच्या दारूने. अहो, आपल्या आज्या त्याच सुरीने सान्नांचं (तांदळाच्या इडलीसारख्या वड्यांचं) पीठ फुगवायच्या.

आणि केळ्या-लवंगेचा वास म्हणजे बिअर सडली हेही खोटं, तो व्हीट बिअरच्या यीस्टचाच वास, केळ्याचा वास यीस्टने केलेल्या आयसोअमिल अ‍ॅसिटेट या द्रव्याचा आणि लवंगेचा धान्यातल्या फेरुलिक अ‍ॅसिडपासून.

खरा धोका वेगळाच आहे आणि त्याबद्दल मेसेजमध्ये एक शब्द नाही याचं मला वाईट वाटतं. ब्रेटॅनोमायसिससारखं जंगली यीस्ट, जे १९०४ मध्ये डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग बिअर कारखान्यातल्या क्लाउसेनने ओळखलं, ते साध्या यीस्टने न खाता सोडलेल्या साखरा महिनोन्‌महिने खात राहतं, म्हणजे ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत बिअरची घनता, साखर संपते तशी ती उतरते) १.०१२ वर थांबली म्हणून तुम्ही बाटल्या भरल्या आणि आत ती १.००४ ला गेली की गॅसने काच फुटते, त्यात आपल्याकडचा मे महिना. म्हणून ग्रॅव्हिटीचं रीडिंग काही आठवडे हललं नाही की मगच भरा, जाड काचेत. आणि आंबवायच्या भांड्याला एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारं पण हवा आत न घेणारं बूच) लावाच, हवा लागली की सुरीचं होतं तसं व्हिनेगर होतं.