ओढ रे, दोनच मिनिटं

गाडा ओढतात, विडी ओढतात, तसं आम्ही बुलेटिन ओढतो. कानातल्या इअरपीसमधून पीसीआरमधला, म्हणजे कंट्रोल रूममधला, प्रोड्युसर म्हणाला, "ओढ रे, दोनच मिनिटं," की समजायचं, अर्ध्या तासाची सोय झाली.

परवा एका मंत्र्यांची पत्रकार परिषद होती. चारची वेळ, म्हणून आम्ही ठोक्याला थेट. पडद्यावर एक टेबल, तीन रिकाम्या खुर्च्या, माइकांचा ढीग आणि पाण्याच्या दोन बाटल्या. "आपण पाहू शकता, मंत्रिमहोदय अद्याप आलेले नाहीत," मी म्हणालो. प्रेक्षकांना ते दिसत होतंच. पण लोकांना जे दिसतंय तेच त्यांना सांगायचा आम्हाला पगार मिळतो.

चार दहापर्यंत मी मंत्रिमहोदय काय बोलू शकतात ते सांगितलं. मग काय बोलणार नाहीत ते सांगितलं. मग खुर्च्यांवर आलो. तीनच का? मधली जरा उंच वाटतेय, ती कोणासाठी? आमच्या प्रतिनिधीला विचारलं. बिचारा हॉलबाहेर वडापाव खात होता, पण गडी तयार. तोंडातला घास गालात सरकवून म्हणाला, "तू म्हणतोस त्याप्रमाणे, खुर्च्या तीनच आहेत."

चार अठराला पडद्यात एक माणूस शिरला. मी आवाज चढवला. त्यानं एक बाटली उचलली, तिच्या जागी दुसरी ठेवली आणि गेला. कानात आवाज आला, "भारी! यावर खेळ." खेळलो. बाटली बदलली गेली, या घटनेकडे कसं पाहायचं, यावर चार मिनिटं काढली. वर 'मोठी बातमी'चा लाल पट्टा होताच. अखेर चार पन्नासला मंत्रिमहोदय आले, माइकासमोर बसले, घसा खाकरला, आणि कानात आवाज आला, "ब्रेकवर जा, जाहिराती तुंबल्यात."

साताऱ्याला आमच्या आईला यातलं काही पटत नाही. तिच्या लेखी बातम्या म्हणजे मुंबई दूरदर्शन. १९७२च्या २ ऑक्टोबरला ते सुरू झालं आणि तिच्या मते बातम्यांचं जे काही बरं व्हायचं ते तिथंच झालं. "प्रदीप भिडे बघ. यायचे, नमस्कार करायचे, वाचायचे, जायचे. तू सारखा कोणावर ओरडत असतोस रे?" आता भिड्यांसारखा आवाज आणि ते स्वच्छ उच्चार माझ्याकडे नाहीत, हे मी कबूल करतो. पण भिड्यांना कोणी बाटलीवर चार मिनिटं बोलायला लावलं नव्हतं, हेही कोणीतरी लक्षात घ्यावं. २००७ साली मराठीत चोवीस तासांच्या बातम्या सुरू झाल्या. घडणाऱ्या बातम्या मात्र पूर्वीइतक्याच राहिल्या.

एक परंपरा तेवढी आम्ही टिकवून आहोत. स्मिता पाटील दूरदर्शनवर बातम्या वाचायच्या तेव्हा जीन्सवरच साडी गुंडाळून बसायच्या, असं सांगतात. आमच्याकडेही टेबलाच्या वर कोट-टाय असतो आणि खाली पांढऱ्या पट्ट्याची स्लीपर. एकदा नव्या दिग्दर्शकानं अचानक मला उभं राहून नकाशापाशी जायला सांगितलं. त्या दिवशी विदर्भातला पाऊस मी बसूनच दाखवला.

सकाळच्या शिफ्टचं दुःख वेगळं. साडेतीनचा गजर, सव्वाचारला कंपनीची गाडी, पाचला मेकअपदादा थंडगार ओला स्पंज गालावर थापतात तेव्हा जाग येते. सहापासून मी उभ्या महाराष्ट्राला प्रसन्न चेहऱ्यानं 'सुप्रभात' म्हणतो. माझं स्वतःचं प्रभात साधारण अकराला होतं.

अशाच एका शिफ्टला मी २३ नोव्हेंबर २०१९च्या शनिवारी बसलो होतो. विधानसभेचा निकाल लागून महिना होत आला होता, राष्ट्रपती राजवट लागली होती. आदल्या रात्री तिन्ही पक्षांचं उद्धव ठाकरेंच्या नावावर एकमत झाल्याचं शरद पवारांनी सांगितलं होतं. तेव्हा सगळं पक्कं होतं. सातला मी ते वाचलं, साडेसातला पुन्हा वाचलं. आठच्या सुमारास तिसऱ्यांदा वाचत होतो, तेवढ्यात कान शांत झाला. कानात शिव्या येत असल्या तर काळजी नसते. शांतता झाली की पोटात गोळा येतो.

मग हळू आवाज आला, "थांब. वाचू नकोस. राजभवनात शपथविधी झाला."

"कुणाचा?" मी विचारलं. मोठ्यानं. माइक चालू.

"...हाच प्रश्न आज अवघ्या महाराष्ट्राला पडला आहे," मी वाक्य ओढलं. समोर टेलिप्रॉम्प्टरवर ठाकरे सरकणं चालूच होतं. कानात उत्तर आलं, "फडणवीस मुख्यमंत्री, अजित पवार उपमुख्यमंत्री." मला वाटलं, याचीही झोप झालेली नाही. पण पडद्यावर राजभवन आलं, राज्यपाल दिसले, आणि पुढचे साडेचार तास मी काय बोललो ते मला आठवत नाही. रेकॉर्डिंग पाहायची हिंमत अजून झालेली नाही.

शिफ्ट संपवून फोन हातात घेतला तर आईचे सात मिस्ड कॉल. मी लावला.

"सातला तू ठाकरे म्हणालास आणि आठला फडणवीस," ती म्हणाली. "कागद नीट लावून बसत जा रे. शेजारच्या काकू विचारत होत्या. भिड्यांचं कधी असं झालं नाही."

मी समजावलं, तिनं "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला. पुढे ते सरकार जेमतेम ८० तास टिकलं. २६ला राजीनामा झाला आणि २८च्या संध्याकाळी शिवाजी पार्कावर उद्धव ठाकरेंचा शपथविधी. त्या रात्री आईचा पुन्हा फोन आला. आवाजात समाधान होतं.

"बघ, म्हणजे सातचंच बरोबर होतं. आठला उगाच खाडाखोड केलीस."