आत्ता तर चालतंय!

इंटरनेट पूर्ण बंद पडलं तर माणूस एक वेळ सुखी असतो. तक्रार करायची, कोणीतरी येतं, बंद आहे हे त्यालाही दिसतं, काम होतं. खरा छळ असतो तो केबल टीव्हीच्या वायरीतून येणाऱ्या आणि दिवसातून दहा वेळा दोन-दोन मिनिटं जाणाऱ्या नेटचा. ऑनलाइन मीटिंगमध्ये आपण तावातावाने मुद्दा मांडत असतो आणि पलीकडच्या सगळ्यांना आपला अर्धा मिटलेला डोळा आणि उघडं तोंड तेवढं दिसत राहतं. आणि कंपनीचा माणूस दारात उभा राहिला रे राहिला, की तेच नेट असं काही धावतं, जणू जन्मात कधी अडखळलंच नाही. तो स्पीड टेस्ट घेतो, मोबाइल आपल्या नाकासमोर धरतो आणि म्हणतो, "आत्ता तर चालतंय!" या वाक्यापुढे भलेभले गप्प होतात. त्याला उत्तर देता येतं ते फक्त आकड्यांनी, आणि ते आकडे मोडेमच्या, म्हणजे ती वायर ज्या डब्याला येऊन मिळते त्याच्या, पोटात असतात.

फोनवरून तक्रार करावी तर पहिला प्रश्न ठरलेला: मोडेम बंद करून चालू केलात का? हा उपाय मी तुच्छ लेखत नाही. तीस सेकंद वीज काढून ठेवली की मोडेम नव्याने चॅनेल शोधतो, नव्याने हजर होतो आणि पुष्कळदा तासभर शहाण्यासारखा वागतो. पण त्याने दुखणं जात नाही, फक्त रोग्याचे कागद हरवतात. चुकांची मोजणी शून्यावर येते, काही मोडेममध्ये तर नोंदवहीही कोरी होते. म्हणून हात प्लगकडे जाण्याआधी नजर दिव्यांकडे जाऊ द्यावी.

दिवे साधारण चार: पॉवर, डाउनस्ट्रीम (येणारा सिग्नल), अपस्ट्रीम (जाणारा सिग्नल), ऑनलाइन. डाउनस्ट्रीम लुकलुकतोय म्हणजे मोडेमला येणारा सिग्नलच सापडत नाहीये. तो स्थिर आहे पण अपस्ट्रीम लुकलुकतोय, म्हणजे मोडेमला ऐकू येतंय, त्याचं म्हणणं मात्र पलीकडे पोचत नाही. दोन्ही स्थिर आणि नुसता ऑनलाइन लुकलुकतोय, तर ओळखपाळख झाली, पण आयपी पत्ता किंवा सेटिंगची फाइल मिळणं अडलंय. आणि चारही दिवे विझून सगळा खेळ पहिल्यापासून सुरू झाला, तर केबलला शिव्या देणं थांबवा, वीज तुटतेय. अडॅप्टर थकलाय, त्याची पिन सैल आहे, किंवा मोडेमच्या डोक्यावर राऊटर, राऊटरवर सेट-टॉप बॉक्स आणि त्यावर फुलदाणी असा मनोरा रचल्यामुळे तळातला बिचारा उकडून निघतोय.

पुढची पायरी म्हणजे दोष वाय-फायचा की लाइनचा, याचा निकाल. लॅपटॉप राऊटरला लॅन केबलने जोडा आणि दोन खिडक्यांत सतत चालणारं पिंग, म्हणजे पलीकडच्याला "आहेस का?" विचारून उत्तराची वाट बघणारी आज्ञा, लावा. एक राऊटरला, म्हणजे बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ ला, आणि दुसरं बाहेर, गूगलच्या ८.८.८.८ ला. पहिलं चालू आणि दुसरं थांबलं, तर भानगड मोडेमपासून पुढे आहे. दोन्ही एकदम थांबली, तर राऊटर तपासा. वायर लावल्यावर एकदाही खंड पडला नाही, तर कंपनीची केबल निर्दोष आहे आणि मुकदमा वाय-फायवर चालवावा: २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा निवडा, जमलं तर ५ गिगाहर्ट्झवर जा, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनच्या शेजारून राऊटर हलवा. वाय-फायबद्दल मी याहून जास्त बोलणार नाही. त्याच्या नावावर आधीच बरीच खोटी प्रकरणं आहेत.

आता मोडेमचं पोट. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता टाकला (आकडे अर्थात इंग्रजी), की बहुतेक केबल मोडेम आपलं स्थितिपत्रक उघडतात. डाउनस्ट्रीमची पातळी, म्हणजे येणाऱ्या सिग्नलची ताकद, उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्ही (या ताकदीचं माप) या टप्प्यात असावी. नियमाने उणे १५ ते अधिक १५ चालते, पण कडेवर उभा असलेला मोडेम एखाद्या दमट दिवशी पडतोच. शेजारचा एसएनआरचा, म्हणजे खरखरीच्या तुलनेत सिग्नल किती वरचढ आहे त्याचा, आकडा २५६ क्वाम (सिग्नलमध्ये माहिती भरायची एक पद्धत) लिहिलेल्या चॅनेलवर ३३ डेसिबलच्या वर हवा. ३० वर आला की रडकथा सुरू. अपस्ट्रीमचा हिशेब मात्र उलटा. तिथे आकडा जितका मोठा तितकी परिस्थिती वाईट, कारण तो मोडेमने लावलेला जोर असतो. कमी ऐकू येणाऱ्या आजोबांशी बोलताना आपण आवाज चढवत जातो, तसा हाही चढवत जातो. ३५ ते ४९ मध्ये त्याचं बरं चाललेलं असतं. अनेक चॅनेल एकदम वापरणाऱ्या मोडेमची मजल ५१ च्या आसपास संपते आणि मग त्याचा घसा बसतो. पातळ्या ठीक दिसल्या तरी दुरुस्त न झालेल्या कोडवर्डची, म्हणजे वाटेत बिघडलेल्या माहितीच्या तुकड्यांची, मोजणी बघा. दुरुस्त झालेल्यांची काळजी नको. दुरुस्त न झालेल्यांचा आकडा तासाभराने पुन्हा बघितल्यावर फुगलेला दिसला, तर लाइनमध्ये घाण आहे.

त्याच पानांवर एक नोंदवही असते, आणि तिच्यात १ जानेवारी १९७० ची नोंद सापडली तर दचकू नका. नुकत्याच उठलेल्या मोडेमला वेळ ठाऊक नसते, ती नेटवर्ककडून मिळेपर्यंत तो युनिक्सच्या, म्हणजे एका जुन्या संगणक प्रणालीच्या घड्याळाच्या, आरंभदिनी वावरत असतो. म्हणजे १९७० च्या नोंदी जितक्या वेळा मध्येच उगवतात, साधारण तितक्यांदा स्वारी कोसळून उठली, हा अंदाज फुकटात मिळतो. बाकी लक्ष द्यायचं ते टी-३ आणि टी-४ या शब्दांकडे. केबलच्या जगात मोडेमला मनाला येईल तेव्हा बोलता येत नाही. कंपनीकडचं यंत्र प्रत्येकाला ठरावीक वेळाने हजेरीला पुकारतं. मोडेमने "हजर" म्हटलं आणि २०० मिलिसेकंदांत पोच आली नाही, की टी-३. असं लागोपाठ १६ वेळा झालं, की तो सगळं सोडून पहिल्यापासून नाव नोंदवायला निघतो. तुमची मीटिंग गोठते ती तेव्हा. तीस सेकंदांत हजेरीची पुकारच ऐकू आली नाही, तर टी-४. ढोबळमानाने टी-३ म्हणजे जाणारी बाजू आजारी, टी-४ म्हणजे येणारी.

एवढा अभ्यास झाल्यावर लोक नवा राऊटर घेऊन येतात. मग नवा मोडेम. गुन्हेगार बहुधा त्या दोघांच्या मागे, भिंतीला टेकून निवांत बसलेला असतो: केबलच्या टोकाचा एफ कनेक्टर, म्हणजे आटे असलेला धातूचा जोड. तो बोटाने फिरला तर तिथेच अर्धं निदान झालं. हाताने घट्ट होईल तेवढा आवळायचा, मग ११ मिलिमीटरच्या पान्याने फार तर पाव आटा. मोडेमच्या बाजूला पहिलवानी करू नये. आतलं सोल्डर सुटलं की मोडेम खरोखरच बदलावा लागतो. आता तोच कनेक्टर काढून उजेडात धरा. मधली तांब्याच्या रंगाची तार कडेपासून साधारण ३ मिलिमीटर बाहेर, सरळ आणि चकचकीत हवी. काळी किंवा हिरवट झाली असेल तर ओल शिरलीय. पांढऱ्या फोमभोवतीच्या जाळीचा केसाएवढा एक तंतू मधल्या तारेला टेकला, तरी सिग्नलची वाट लागते. आणि कनेक्टर पिळून बसवायच्या जातीचा असेल, तर त्याच्यावर दया दाखवू नका. टोक कापून दाबून बसवायचा कॉम्प्रेशन कनेक्टर लावून घ्या.

यातला सगळ्यात लबाड दोष म्हणजे आतून तुटलेली मधली तार. खिडकीच्या चौकटीत चेपलेल्या किंवा कपाटामागे काटकोनात मुडपलेल्या केबलमध्ये तारेची दोन टोकं केसभर अंतरावर राहतात. ती फट कपॅसिटरचं काम करते: उंच फ्रिक्वेन्सी पलीकडे उडी मारते, खालची अडते. अपस्ट्रीम राहतो खाली, जुन्या रचनेत ५ ते ४२ किंवा ५ ते ६५ मेगाहर्ट्झमध्ये. परिणामी त्याच केबलवर टीव्ही झकास दिसतो, डाउनस्ट्रीमचे आकडेही देखणे असतात, आणि नेट मात्र जातं. मग जो तो सांगतो, "टीव्ही चालतोय ना, म्हणजे वायर चांगली आहे." कपाट जागेवर सारलं की तार टेकते आणि सगळं सुरळीत. आरजी-६ जातीची ही केबल सात सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा लहान वळणात कोंबू नये, ते यासाठीच.

त्यानंतर स्प्लिटर, म्हणजे एका वायरीच्या अनेक वायरी करणारा डबा. दोन तोंडांचा स्प्लिटर प्रत्येक तोंडावर साडेतीन डेसिबल खातो, म्हणजे अर्ध्याहून जास्त ताकद. चार तोंडांचा सातच्या आसपास. आणि जाताना खातो तसा येतानाही खातो. तीन तोंडांच्या स्प्लिटरवर बहुधा एका तोंडाला ३.५ आणि दोघांना ७ असं छापलेलं असतं. मोडेम नेमका सातवाल्याला लावलेला सापडतो. घरातला दुसरा टीव्ही केव्हाच गेलेला असतो, पण त्याचा स्प्लिटर वंशपरंपरेने वायर अडवून बसलेला. तो काढून दोन केबल साध्या जोडणीने जोडा. ठेवणं भागच असेल तर रिकाम्या तोंडावर ७५ ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे सिग्नल परतू न देणारं टोपण, लावा. अॅम्प्लिफायर लावायचा मोह मात्र आवरा. तो सिग्नलसोबत खरखरही वाढवतो, एसएनआर काही सुधारत नाही.

नेट कधी जातं तेही लिहून ठेवा. पावसानंतर गेलं तर बाहेरच्या जोडात पाणी आहे. घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ हवा, म्हणजे थेंब तिथूनच गळतो. भर दुपारी गेलं तर तापलेल्या केबलमध्ये सिग्नलची गळती वाढलीय आणि सैल जोड आणखी सैल झालाय. संध्याकाळी नुसतं मंदावलं तर ती गर्दी, दोष नव्हे. आणि कशाचाच मेळ लागत नसेल, तर शेजाऱ्यांचा विचार करा. एका नोडवरच्या, म्हणजे कंपनीच्या एका गल्लीतल्या पेटीवरच्या, सगळ्या घरांची अपस्ट्रीम खरखर एकाच ठिकाणी गोळा होते. तिसऱ्या गल्लीतल्या कोणाच्या तरी उघड्या वायरीतला गोंगाट तुमच्या मोडेमची हजेरी बुडवू शकतो, आणि तुम्ही मात्र स्वतःच्या घरातले जोड पुसत बसता.

म्हणून शेवटची चाचणी: केबल घरात जिथे शिरते तिथेच, मधलं सगळं वगळून, मोडेम एक दिवस लावून ठेवा. तिथेही नेट गेलं तर दोष बाहेरचा, आणि तो काढणं कंपनीचं काम. स्थितिपत्रकाचे दोन फोटो काढा, एक बरं असतानाचा, एक जाऊन परत आल्याबरोबरचा, आणि रीस्टार्ट मुळीच न करता. आलेल्या माणसाला "नेट सारखं जातं हो" असं न म्हणता "अपस्ट्रीम बावन्नवर आहे आणि टी-३ येतायत" असं सांगा. तो तुमच्याकडे जरा संशयाने बघेल, पण मोबाइल खिशात जाईल आणि मीटर बाहेर येईल. त्याने टोक बदललं की लगेच सही करू नका. चहूकडून केबल हलवून बघा, आणि अपस्ट्रीमचा आकडा खाली आलेला त्याच्यादेखत वाचा.