बंटीची तबकडी आणि मावशींचा बोका

“उलटी आणि फरशी यांतला फरक तुझ्या तबकडीला कळत नाही, आणि तिच्या भरवशावर तू चार दिवस घर सोडून निघालास?” मावशी कट्ट्यावर अजून नीट टेकल्याही नव्हत्या.

परवाचा प्रकार सगळ्यांना ठाऊक होता. पहाटे बंटीच्या बोक्याने केसांचा गोळा ओकला, सहाच्या ठोक्याला घरभर आपोआप फिरून केर काढणारं यंत्र निघालं आणि बंटी उठेपर्यंत तिन्ही खोल्या सारवून झाल्या. ‘तबकडी’ हे नाव नानांचं. बंटी तिला रोबो म्हणतो, आणि कुणी तबकडी म्हटलं की त्याला लागतं.

“ते शेड्यूल चुकलं होतं मावशी. आता वेळ बदललीय.” बंटीने फोन काढला. फोन काढल्याशिवाय त्याचा वाद सुरूच होत नाही. “हा बघा नकाशा. लायडार आहे. घराचा सेंटिमीटर न् सेंटिमीटर मोजलाय.”

“लायडार असतो कुठे?”

“वर. हा फुगवटा दिसतोय ना, त्याच्यात फिरतो. चहूकडे लेझर सोडतो.”

“म्हणजे चार बोटांवरचं दिसतं. उलटी कुठे असते?”

बंटी नकाशा मोठा करून बघायला लागला, जणू उत्तर तिथेच कुठेतरी असावं. नानांनी मांडीवर थाप मारली.

“आता पुढे कॅमेरावाली येतात,” बंटीने सावरून घेतलं. “वायर, चप्पल, घाण, सगळं ओळखतात. आयरोबोट कंपनीने २०२१ मध्ये ते जे-सेव्हन प्लस काढलं, तेव्हा सांगितलंच होतं की प्राण्याची घाण चुकवली नाही तर यंत्र बदलून देऊ.”

“घट्ट घाण,” मावशी म्हणाल्या. “नीट वाच. जुलाब आणि उलटी त्या वचनात बसत नाहीत. आणि मांजराच्या घरात भल्या पहाटे काय सापडतं ते मला विचार.”

मावशींकडे तीन मांजरं आहेत आणि त्याआधीची सात त्यांनी शेवटपर्यंत सांभाळली. त्या मांजराबद्दल बोलायला लागल्या की मी ऐकते. बंटीवर त्यांचा राग मात्र तबकडीपेक्षा जुना आहे. मागे दोन दिवस त्यांनी बोका त्याच्यावर सोपवला होता, तर याने तो कॅमेऱ्यावरून सांभाळला. खिडकी उघडी राहिलेली कॅमेऱ्यात दिसली नाही. बोका तिसऱ्या दिवशी पार्किंगमधल्या एका गाडीखाली सापडला. तो विषय निघणार हे मला दिसत होतं, आणि तो निघालाच.

“तेव्हाही तुझा सगळा भरवसा फोनवरच होता.”

“मावशी, चार वर्षं झाली त्याला!”

“माझ्या शिडीला पाच झाली,” नाना म्हणाले. बंटीने नानांची शिडी पंखा पुसायला नेली होती. पंखा पुसून झाला असावा. नाना मग डॉक्टरांकडे वळले. “आणि माझ्या चष्म्याच्या दोरीचं काय? बंटीकडे पत्ते खेळलो त्या रात्री माझ्या शेजारी तुम्हीच होतात.”

“नाना, मी जनावरांचा डॉक्टर आहे. चष्म्याच्या दोऱ्या चोरून काय करू?”

खरं तर मला डॉक्टरांना काही विचारायचं होतं. माझ्या मुलीला मांजराचा त्रास होतो. सर्दी, डोळे चुरचुरणं, कधी रात्री छातीत घरघर. भाटी आमच्याकडे ती जन्मायच्या आधीपासून आहे, चौदा वर्षांची. दोघींपैकी कुणालाही घराबाहेर काढायचा विचार मला सहन होत नाही. म्हणून मीही एक यंत्र घेतलं. बंटीला वाटतं मी त्याच्या बाजूची.

“केसांमुळे होतं असं लोक समजतात,” डॉक्टर म्हणाले. “केस फक्त वाहून नेतात. मूळ भानगड फेल डी वन नावाच्या प्रथिनाची. ते मांजराच्या लाळेत असतं, कातडीतल्या तैलग्रंथींत असतं. मांजर अंग चाटतं, ते केसांवर वाळतं आणि बारीक कण होऊन उडतं. जिथे कधी मांजर पाळलेलं नाही अशा घरांतही ते सापडतं, माणसांच्या कपड्यांवरून जातं. तेव्हा रोज थोडा केर निघाला तर बरंच. पण गादी, सोफा, पडदे यांत जे बसलंय तिथे हे यंत्र पोचत नाही.”

“मग केरसुणी काय वाईट?” नाना.

“सुक्या केरसुणीने तेच कण हवेत उडतात नाना. झाडणाऱ्याच्या नाकात पहिले.”

नानांना हे आवडलं नाही. केरसुणीबद्दल ते हळवे आहेत.

“आणि फिल्टर?” मी विचारलं.

“हेपा असेल तर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवायची त्याची कसोटी असते. पण ती नुसत्या फिल्टरची. यंत्राला फटी असल्या तर हवा आजूबाजूने निसटते. डबा रिकामा करताना तर सगळं पुन्हा तोंडावर येतं. ते काम मुलीसमोर करू नका. दाराबाहेर करा.”

मी आजवर ते तिच्या खोलीतल्या टोपलीत करत होते. हे कुणी आधी सांगितलं असतं तर!

बंटीला आता जोर चढला. “बघा! डॉक्टरही म्हणतात रोज केर निघायला हवा. रोज कोण काढणार? यंत्र! २००१ साली इलेक्ट्रोलक्सचं ट्रायलोबाइट आलं, २००२ मध्ये रुंबा आलं, तेव्हापासून माणूस मोकळा झाला.”

“माणूस मोकळा झाला, मग ब्रश कोण मोकळा करतं?” मावशी. “शेवटचा कधी उघडलास?”

“ॲप सांगेल ना. अजून अठ्ठावीस टक्के आयुष्य आहे.”

“ॲप तास मोजतं रे. केस नाही मोजत.”

हे अगदी खरं आहे, आणि यंत्र विकताना कुणी हे बोलत नाही. ब्रशच्या मधला गुंतवळ दिसतो, तो कात्रीने कापता येतो. जो दिसत नाही तो दोन्ही टोकांच्या टोप्यांखाली जातो, आसाभोवती घट्ट वळतो आणि मग ब्रश कण्हायला लागतो. पुढच्या छोट्या चाकाचं तेच. ते ओढून बाहेर काढलं की आत बोटभर जाडीची केसांची अंगठी निघते. मी एक दिवसाआड उघडते. रबराचे रोलर असले तर गुंतवळ जरा कमी होतो, पण टोकांना होतोच. डबाही एवढासा. भाटी केस गाळते त्या दिवसांत दोन खोल्यांतच भरतो.

“आणि मांजराच्या शौचाच्या पेटीतलं लिटर?” मावशींनी पुढचं काढलं. “ती कोपऱ्यातली गरगर फिरणारी झाडणी खडे उचलत नाही, भिरकावते. पेटीजवळचे खडे माझ्या भाचीच्या घरी पलंगाखाली सापडले.”

“पुसणारं असेल तर आणखी वाईट,” मी म्हटलं. “गोळा होणारं लिटर बहुतेक बेंटोनाइटचं असतं. ती मातीच. पाणी लागलं की फुगते, चिकटते. माझ्या पुसण्याच्या कापडाचा एकदा चिखल झाला होता. आता पेटीभोवती नकाशात मनाई घातली आहे. तिथलं हाताने काढते.”

“आणि ते मागचा डबा आपोआप रिकामा करणारं स्टेशन लिटरच्या पेटीशेजारी ठेवू नका,” डॉक्टर म्हणाले. ते एरवी आवाज चढवत नाहीत, पण इथे चढवला. “ते एकदम गर्जतं. माणूस २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, मांजर ६०च्याही पुढे. आपल्याला जो घूं घूं आवाज येतो त्याच्या वर त्याला काय काय ऐकू येत असेल, ते आपल्याला कळायचं नाही. मांजर पेटीत बसलेलं असताना तो आवाज झाला की ते पेटीलाच घाबरतं. मग मूत धरून ठेवतं किंवा गादीवर करतं. ताणामुळे मूत्राशयाला सूज येणं मांजरांत नेहमीचं आहे. बोक्याचा तर मार्गच तुंबू शकतो. बोका पेटीत जाऊन नुसता कण्हत बसला, थेंब येत नाहीये, तर सकाळची वाट बघायची नाही. एक-दोन दिवसांत जीव जातो.”

काही क्षण कुणी बोललं नाही. बंटीने फोन खाली ठेवला होता.

“पण माझे दोघं तर तिच्यावर बसून फिरतात,” तो म्हणाला. “लोक किती व्हिडिओ टाकतात असे!”

“व्हिडिओत चाकं बघतोस, कान बघ,” मावशी म्हणाल्या. “कान मागे, शेपूट अंगाशी आवळलेली असली तर ती हौस नाही.”

नानांनी वर्तमानपत्रातून जपून ठेवलेलं काढलं. “२०१५ साली दक्षिण कोरियात एक बाई जमिनीवर झोपली होती. यंत्राने तिचे केस ओढून घेतले. सोडवायला माणसं बोलवावी लागली.”

“नाना, ते बाईचे लांब केस होते. इथे मांजरं.”

“शेपटीला काय खवले असतात?” मावशी.

“आणि अलीकडेच,” नाना थांबायला तयार नव्हते, “म्हणजे २०२४ ला, अमेरिकेत इकोव्हॅक्सची यंत्रं कुणीतरी लांबून ताब्यात घेतली. एका घरात कुत्र्याच्या मागे लावली, वर शिव्या दिल्या. शिव्या!”

“माझं नाही होणार तसं. माझा पासवर्ड अवघड आहे.”

“तुझ्या बहिणीचं नाव आणि एक-दोन-तीन,” मी म्हटलं. बंटीचा चेहरा उतरला, म्हणजे अजून तोच आहे.

मग मी माझं सांगितलं, कारण मला ते कुणालातरी सांगायचंच होतं. यंत्र आणल्यावर मी ते आठवडाभर बंदच जमिनीवर ठेवलं. भाटीने हुंगलं, गाल घासला, म्हणजे ते घरातलं झालं. मग शेजारच्या खोलीत दार लावून पाच मिनिटं चालवलं, बाहेर तिच्या पुढ्यात आवडीचा खाऊ. मग दार उघडं. तीन आठवडे असे घालवले आणि मला वाटलं, झालं. एका दुपारी मी आत होते. भाटी फरशीवर झोपली होती. तिला आता ऐकू कमी येतं, गुडघेही दुखतात. यंत्र मागून आलं आणि तिच्या पाठीला थडकलं. तरुण मांजर असतं तर एका उडीत कपाटावर गेलं असतं. ती उठूच शकली नाही. ते वळलं, पुन्हा थडकलं. मी धावत बाहेर आले तेव्हा ती फिस्कारतही नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती. लागलं काही नव्हतं. पण ती नजर माझ्या मनातून जात नाही. त्या दिवसापासून मी घरात आणि त्याच खोलीत असल्याशिवाय ते यंत्र चालू होत नाही.

“मग यंत्राचा उपयोग काय?” बंटीने विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं.

“वाकावं लागत नाही,” मी म्हटलं. “सोफ्याखाली जातं. मुलीला रात्री शिंका कमी येतात. मला तेवढं पुरतं.”

मावशींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “भाटीसाठी खोलीत उंचावर जागा आहे ना? चढायला पायरी दे. आणि सुरू करायच्या आधी एक फेरी मारत जा. उलटी, लोकर, दोरे, केसांची रबरं, सगळं उचलायचं.”

“दोरे आधी,” डॉक्टर म्हणाले. “यंत्रात दोरा गेला तर ब्रश अडकेल. मांजराच्या पोटात गेला तर एक टोक जिभेखाली अडकतं, आतडं पुढे ढकलत राहतं आणि दोऱ्यावर चुण्यांसारखं गोळा होतं. करवतीसारखा कापतो तो आतून. शेपटीखाली दोरा लोंबताना दिसला तरी ओढू नका. सरळ घेऊन या.”

तेवढ्यात बंटीचा फोन वाजला. आम्ही सगळ्यांनी ऐकलं, कारण त्याचं ॲप बोलतं: मुख्य ब्रश अडकला आहे.

“आत्ता चालू आहे ती?” मावशी उठल्याच. “आम्ही इथे तासभर घसा कोरडा करतोय आणि वर ती चालू आहे? मांजरं कुठेयत?”

“आतच असतील... नकाशात नाही दिसत...”

नकाशात दिसत नाहीत हे त्याने इतक्या निरागसपणे सांगितलं की नानाही चिडायचे थांबले. मावशी गुडघ्यांची तक्रार विसरून त्याच्यापुढे जिना चढल्या. आम्ही खाली गप्प. डॉक्टरांनी गाडीची किल्ली हातात घेऊन ठेवली होती. मला माझ्या भाटीची पाठ दिसत होती.

दहा मिनिटांनी दोघं खाली आले. मावशींच्या चेहऱ्यावरून मांजरं ठीक असल्याचं कळलं. दोन्ही कपाटावर, शेपट्या फुगवून. मावशींच्या एका हातात लिंबाएवढा गुंतवळ होता आणि त्यातून एक काळी दोरी लोंबत होती, दोन्ही टोकांना रबराच्या छोट्या कड्या.

नानांनी चष्मा काढला, दोरी बघितली, चष्मा लावला, पुन्हा बघितली.

“सोफ्याखाली होती,” बंटी म्हणाला. छाती पुढे काढून. “रोबोने शोधली! मांजराने गिळली असती तर? म्हणा आता तबकडी!”

“शोधली नाही रे, तिच्या घशात अडकली,” मावशी म्हणाल्या, पण त्यांनाही हसू आवरेना.

“नाना, आता माझी माफी मागा,” डॉक्टरांनी हात पुढे केला.

नानांनी दोरी घेतली, केस झटकले, खिशात घातली. डॉक्टरांच्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही. बंटीकडे वळून म्हणाले, “उद्या तुझी तबकडी पुन्हा सोड. सोफ्याखाली माझी शिडीही असेल.”