स्वातंत्र्याच्या नाण्यात चांदी किती?

चांदीचे भाव चढू लागले की माझ्याकडे विचारणा सुरू होते. ‘घरात वडिलांनी ठेवलेले स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे दहा रुपयांचे चांदीचे नाणे आहे, त्याचे आज किती येतील?’ प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात सराफाचा तराजू असतो, आणि तिथेच त्याची निराशा ठरलेली असते. काही वर्षांपूर्वी मीही असेच एक नाणे केवळ कुतूहलापोटी पेठेतल्या एका सराफाला दाखवले होते. त्यांनी ते दोनदा उलटसुलट केले, कसोटीवर घासण्याचीही तसदी घेतली नाही आणि ‘यात हीण फार, मोडीत घेत नाही’ असे म्हणून परत दिले. त्यांचे काही चुकले नव्हते. १९७२ च्या त्या नाण्याचा व्यास एकोणचाळीस मिलिमीटर आणि वजन साधारण साडेबावीस ग्रॅम असले, तरी त्यात चांदी निम्मीच आहे. शिवाय २०११ चा नाणे कायदा स्मारक नाण्यालाही, म्हणजे एखाद्या प्रसंगाची आठवण म्हणून काढलेल्या नाण्यालाही, नाणेच मानतो आणि नाणे वितळवायला मनाई करतो, त्यामुळे ‘आटवून तरी पैसे होतील’ हा विचारही सोडून द्यावा.

थोडे मागे जाऊन पाहिले, तर या निम्म्या चांदीची गंमत कळते. आपल्या आजीच्या पेटीत असायचा तो राणीछाप रुपया बरोबर एक तोळ्याचा होता आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी होती. दुसऱ्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला, तेव्हा १९४० पासून रुपयाचा कस निम्म्यावर आला: पन्नास टक्के चांदी, चाळीस टक्के तांबे आणि पाच-पाच टक्के निकेल व जस्त. युद्धकाळात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी परत करायची असल्यामुळे पुढे तीही काढून घेण्यात आली आणि रुपया निकेलचा झाला. म्हणजे ज्या १९४७ साली देश स्वतंत्र झाला, त्या वर्षीच्या रुपयात चांदीचा कणही नाही. त्याच्या एका बाजूला वाघ आहे आणि दुसऱ्या बाजूला सहावा जॉर्ज. अशोकस्तंभावरचे सिंह असलेली आपली नाणी थेट १५ ऑगस्ट १९५० रोजी आली. मधली तीन वर्षे स्वतंत्र भारतातल्या माणसाने राजाचे तोंड पाहूनच भाजी घेतली.

आता २०१८ साली निघालेले पंचाहत्तर रुपयांचे नाणे घ्या. नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी ३० डिसेंबर १९४३ रोजी पोर्ट ब्लेअर येथे तिरंगा फडकवला, त्या घटनेच्या पंचाहत्तराव्या वर्षाचे हे नाणे आहे. पस्तीस ग्रॅम वजन, चव्वेचाळीस मिलिमीटर व्यास, आणि धातू? पन्नास टक्के चांदी, चाळीस टक्के तांबे, पाच टक्के निकेल, पाच टक्के जस्त. ज्या राजाविरुद्ध नेताजींनी फौज उभी केली, त्याच राजाच्या युद्धकालीन रुपयाचा हा धातू! टांकसाळीने हे जाणूनबुजून केले असेल असे मला मुळीच वाटत नाही, पण संग्राहकाला अशा योगायोगातच खरा रस असावा.

म्हणून माझे मत असे आहे की स्वातंत्र्याची चांदीची नाणी जमवणाऱ्याने चांदी विसरून नाण्यावर कोरलेले चित्र पाहावे. वेळोवेळी सरकारने ‘स्वातंत्र्य म्हणजे काय’ या प्रश्नाचे उत्तर बोटभर जागेत कोरले आहे आणि ते उत्तर प्रत्येक वेळी बदलले आहे. १९७२ च्या नाण्यावर एक तरुण आणि एक तरुणी राष्ट्रध्वज उंच धरून उभे आहेत आणि मागे संसद भवन आहे. त्यावर कोणाही नेत्याचा चेहरा नाही. १९९७ च्या पन्नास रुपयांच्या सुवर्णमहोत्सवी नाण्यावर मात्र दांडीयात्रेला निघालेले गांधीजी आणि त्यांच्यामागची माणसे आहेत. पंचविशीतला देश तरुणांकडे आणि संसदेकडे बोट दाखवत होता, तर पन्नाशीतला देश मागे वळून पाहत होता. २०१८ च्या नाण्यावर सेल्युलर जेलच्या पार्श्वभूमीवर ध्वजाला सलामी देणारे नेताजी आले. या निवडींमागे त्या त्या वेळचे राजकारण नसते असे समजणे भाबडेपणाचे होईल, आणि मला तर ते राजकारणही नाण्याचाच भाग वाटते.

१९७२ च्या नाण्याबद्दल महाराष्ट्रातल्या माणसाला आणखी एक गोष्ट टोचल्याशिवाय राहत नाही. आपल्याकडे ‘बहात्तर’ म्हटले की रौप्यमहोत्सव आठवत नाही, दुष्काळ आठवतो. माणसे रोजगाराच्या कामांवर खडी फोडत होती आणि घरोघरी मिलो या परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या जात होत्या, त्याच काळात हे चकचकीत नाणे टांकसाळीतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षीची, १९७३ ची दहा आणि वीस रुपयांची चांदीची नाणी ‘अधिक अन्न पिकवा’ या विषयावर आहेत. ही नाणी शेजारी ठेवली की त्या दोन वर्षांबद्दल वेगळे काही सांगावे लागत नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. १५ ऑगस्टच्या सुमारास दुकानांतून तिरंगा छापलेले शुद्ध चांदीचे जे गोल तुकडे विकले जातात, ते नाणे नव्हे. ज्यावर दर्शनी मूल्य आणि भारत सरकारची मुद्रा नाही, ते पदक समजावे. सालाजवळची खूण भिंगातून पाहण्याची सवय लावावी: मुंबईचा पत्त्यांतल्यासारखा चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याची खूण म्हणजे खूणच नसणे. काळवंडलेले नाणे कधीही घासू नये. मी उमेदवारीच्या काळात दिवाळीला देवाच्या भांड्यांबरोबर एक नाणे चिंच आणि मिठाने लख्ख केले होते. घरच्यांनी कौतुक केले आणि पुढे पहिल्याच जाणकाराने ते हातातही घेतले नाही. त्यावरचे बारीक चरे आजही दिसतात.

एक तक्रार मात्र नोंदवतो. चांदीची स्मारक नाणी आता टांकसाळीकडे आगाऊ नोंदणी करून, दर्शनी किमतीच्या कितीतरी पट रक्कम भरून घ्यावी लागतात, आणि ती डबीतून बाहेर पडत नाहीत. १९७२ आणि १९९७ साली चांदीच्या नाण्याबरोबर त्याच प्रसंगाचे पन्नास पैशांचे नाणेही व्यवहारात आले होते. २०२२ साली अमृतमहोत्सवाचे चिन्ह एक रुपयापासून वीस रुपयांपर्यंतच्या नाण्यांवर आले, हेही चांगलेच झाले. पण २०१८ च्या नेताजींच्या नाण्याला असा खिशातला जोडीदार मिळाला असता, तर पोर्ट ब्लेअरची ती तारीख चहाच्या टपरीपर्यंत पोहोचली असती.

माझ्या ट्रेमध्ये १९७२ ची दोन्ही नाणी शेजारी आहेत. दहा रुपयांच्या नाण्यावरचा ध्वज अगदी घडीसकट स्पष्ट दिसतो. पन्नास पैशांवरची ती दोघे झिजून जवळजवळ सपाट झाली आहेत. ते मला रद्दीवाल्याने सुट्ट्या पैशांत दिले होते आणि पन्नास पैसे कायद्याने अजून चलनात असल्यामुळे मी ते उद्या कुणालाही देऊ शकतो. देणार मात्र नाही.